आग्र्याचा मुनाझरा आणि मस्कतची कबर

१० आणि ११ एप्रिल १८५४ असे दोन दिवस आग्र्यातील कटरा अब्दुल मसीह येथील मिशनच्या शाळेत एक जाहीर मुनाझरा झाला. मुनाझरा म्हणजे ठरलेल्या विषयांवर, ठरलेल्या नियमांनी, श्रोत्यांसमोर होणारा धर्मविषयक वादविवाद. एका बाजूला कार्ल गॉटलीब फांडर हे जर्मन पाद्री आणि त्यांचे तरुण इंग्रज सहकारी टॉमस व्हाल्पी फ्रेंच. दुसऱ्या बाजूला कैराना गावचे मौलाना रहमतुल्लाह आणि डॉक्टर वझीर खान. मराठी वाचकाला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या वादांची आठवण येथे साहजिकच होते.

आग्र्याच्या या प्रसंगाकडे बहुधा जय-पराजयाची हकीकत म्हणून पाहिले जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. मुसलमानांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांना तो सतत पडत आला आहे: शुभवर्तमान बेधडक, चारचौघांत सांगावे, की आधी स्नेह जोडावा आणि तो मुरल्यावर बोलावे? आग्र्याच्या त्या शाळेत या प्रश्नाची दोन्ही उत्तरे हजर होती. एक व्यासपीठावर बसले होते. दुसरे त्या वस्तीच्या नावात होते.

अब्दुल मसीह यांचे मूळ नाव शेख सालिह. १८१० मध्ये कानपुरात कंपनीचे धर्मगुरू हेन्री मार्टिन दर रविवारी दारी जमणाऱ्या भिकाऱ्यांना दान देत आणि उपदेश करीत. तो उपदेश शेख सालिह यांच्या कानी पडला. पुढे मार्टिन यांनी केलेल्या नव्या कराराच्या उर्दू भाषांतराचे हस्तलिखित बांधणीसाठी त्यांच्या हाती आले आणि त्यांनी ते वाचून काढले. १८११ मध्ये कलकत्त्यात त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतर आग्र्यात येऊन ते उपदेश करू लागले, पण त्याच्या जोडीला हकिमी करून गोरगरिबांना औषधेही देऊ लागले. त्यांच्याकडे येणाऱ्यांना त्यांचा धर्म ठाऊक होता. त्यांनी तो लपवला नाही. मात्र नाडी पाहणारा हात आणि उपदेश करणारे तोंड ही एकाच माणसाची होती, आणि तो माणूस लोकांच्या रोजच्या बोलीत, त्यांच्याच रीतीभातींत वावरत होता. १८२७ मध्ये त्यांचे निधन झाले. मागे कटऱ्याला नाव राहिले.

फांडर यांची वाट वेगळी होती. कॉकेशसमधील शुशा येथे काम करीत असताना, १८२९ मध्ये, त्यांनी ‘मीझान-उल-हक’, म्हणजे सत्याचा तराजू, हा ग्रंथ लिहिला. १८४१ मध्ये ते आग्र्यास आले. ग्रंथाच्या फारसी आणि उर्दू आवृत्त्या ते उलेमांना पाठवीत आणि उत्तरे मागत. यात उद्धटपणा होता असे म्हणता येणार नाही. फांडर यांना फारसी आणि अरबी येत होती, इस्लामी ग्रंथांचा त्यांचा अभ्यास होता, आणि प्रतिपक्षाला उत्तराचा अधिकार आहे हे त्यांना मान्य होते. वाद करणे हाही समोरच्याला मान देण्याचा एक प्रकार असतो. ज्याला आपण कःपदार्थ समजतो त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही.

मुनाझऱ्यासाठी पाच विषय ठरले होते. चर्चा झाली ती दोनांचीच: धर्मग्रंथ रद्द होतो का आणि बायबलच्या पाठात फेरफार झाला आहे का. दुसऱ्या विषयावर फांडर अडचणीत आले. इंग्रजी वैद्यक शिकलेल्या वझीर खान यांनी युरोपातील बायबल-चिकित्सेचे ग्रंथ मिळवून अभ्यासले होते, आणि त्यांतले दाखले मौलानांनी पुढे ठेवले. नकलनविसांच्या हातून पाठभेद झाले, हे फांडर यांना मान्य करावे लागले. मूळ सिद्धान्ताला त्याने बाध येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांशी परिचय असलेल्या आपल्या वाचकाला हे म्हणणे अवघड वाटणार नाही. परंतु त्या सभेत पाठभेदाची कबुली ही पराभवाची कबुली ठरली. तिसरा दिवस उजाडलाच नाही.

फांडर यांची चूक धैर्याची नव्हती, गृहीताची होती. त्यांनी प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचले होते. प्रतिपक्षानेही आपले ग्रंथ वाचले असतील, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. आग्रा ही तेव्हा वायव्य प्रांतांची राजधानी होती आणि श्रोत्यांत कंपनीचे अधिकारी बसलेले होते. अशा ठिकाणी निर्भयपणे बोलणे पाद्र्याला फारसे महाग पडत नाही. किंमत कोणी मोजली, हे १८५७ नंतर दिसले. उठावात भाग घेतल्यामुळे मौलाना रहमतुल्लाह यांची मालमत्ता जप्त होऊन लिलावात गेली. ते मक्केला निघून गेले. त्यांचा ‘इझहार-उल-हक’ हा अरबी ग्रंथ १८६४ मध्ये इस्तंबूल येथे प्रसिद्ध झाला. फांडरही १८५८ पासून त्याच शहरात होते, पण तेथे पाठीशी कंपनी नव्हती. १८६४ मध्ये उस्मानी सरकारने मिशनच्या कामावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ते इंग्लंडमध्ये वारले.

मग मुनाझऱ्याचे फळ काय? आग्र्याच्या मशिदीत फांडर यांच्याविरुद्ध प्रवचने देण्यासाठी नेमलेले मौलवी इमादुद्दीन १८६६ मध्ये अमृतसरला ख्रिस्ती झाले, हे या संदर्भात नेहमी सांगितले जाते. तपशील मात्र वेगळे काही सुचवतात. आपले परिचित सफदर अली ख्रिस्ती झाल्याची वार्ता त्यांना अस्वस्थ करून गेली, आणि लाहोरातील शाळेच्या मुख्याध्यापकासह बसून त्यांनी बायबल वाचले. बारा वर्षांपूर्वी सभेत पडलेले बी, पडले असेलच तर, एका परिचिताच्या वार्तेने आणि एका शेजारच्या खुर्चीने रुजवले.

या साऱ्याचा सर्वांत विचारी साक्षीदार म्हणजे फांडर यांच्याशेजारी बसलेले फ्रेंच. १८५७ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात युरोपियनांना आसरा मिळाला, तेव्हा देशी ख्रिस्ती लोकांना आत घेतल्याखेरीज आपण आत येणार नाही, असा आग्रह त्यांनी धरला. पुढे ते भाषा शिकत राहिले. लोक त्यांना ‘हफ्त-झबान पाद्री’, म्हणजे सात भाषांचा पाद्री, म्हणत. १८७७ मध्ये ते लाहोरचे पहिले बिशप झाले आणि दहा वर्षांनी ते पद सोडले. १८९१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, ते मस्कतला उतरले. बाजारात बसून अरबी शास्त्र वाचावे, कोणी थांबले तर त्याच्याशी बोलावे, असा त्यांचा क्रम होता. १४ मे रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांची कबर मस्कतजवळच्या समुद्रकाठी आहे.

मस्कतमध्येही फ्रेंच उघडपणेच बोलत होते. त्यांनी घोषणेचा त्याग करून मैत्री स्वीकारली, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. बदलली होती ती बसण्याची जागा. व्यासपीठावरून ते बाजारातल्या जमिनीवर आले होते, परक्याच्या गावी, पाहुण्याच्या नात्याने. आणि केवळ धर्मांतराचे साधन म्हणून जोडलेल्या स्नेहालाही या इतिहासात कोठे उजळ स्थान नाही. अब्दुल मसीह यांचे औषध घ्यायला बाप्तिस्म्याची अट नव्हती.

त्याच १८९१ साली मक्केत मौलाना रहमतुल्लाहही निवर्तले. आग्र्याच्या एका खोलीत समोरासमोर बसलेली ही दोन माणसे अरबस्तानच्या दोन टोकांना, आपापल्या घरांपासून दूर, मातीआड झाली. दोघांनीही आपले सत्य सोडले नव्हते. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी काय बोलणे झाले असते, हा प्रश्न मात्र त्या शाळेतच राहून गेला.