पडद्यावरची पाटी

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, हे बहुतेकांस ठाऊक असते. पण १६०८ साली तेथे जन्मलेल्या या पुरुषाने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला वाहिला, हे थोड्यांच्याच ध्यानात राहते. ओळी एकमेकींत अडकू नयेत, कडेला कोरी जागा असावी, ग्रंथाचा शेवट आरंभाइतकाच सुबक दिसावा, इतक्या बारकाईने त्यांनी सांगितले आहे. अशा मुलखातील शाळांसंबंधी लिहिताना मी चित्रपटाचे नाव काढले, तर कोणी भुवया उंचावील. पण चित्रपटाचे आणि अक्षराचे नाते आपल्याकडे जुने आहे.

१९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप उगवताना टप्प्याटप्प्याने टिपले. आधी काय, मग काय, हा क्रम डोळ्यांना दिसला. निबंधाचा पहिला धडा तरी याहून वेगळा कोणता? पुढे १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. तो मुका असल्याने मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या येत. मूकपटांच्या त्या काळात ज्याला वाचता येई, तो शेजाऱ्याला वाचून दाखवी. थिएटर ही एक परीने वाचनशाळाच होती.

१९३२ साली हरिश्चंद्राचीच कथा 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात आली. पात्रे बोलू लागली आणि पाट्या गेल्या. अक्षर पडद्यावर परतले ते फार उशिरा. अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून प्रयत्न केला आणि १९९९ साली गुजरात दूरदर्शनच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात गाण्याचे शब्द त्याच भाषेत खाली उमटू लागले. जो शब्द गायला जाई, त्याचा रंग बदले. गाणे आधीच पाठ, त्यामुळे नजर आपोआप शब्दामागे धावे.

मात्र हा सराव वाचनाचा झाला; लेखनाला आणखी एक पायरी हवी. ती मूकपटात आहे, असे मला वाटते. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये त्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली आहे. त्यातला एखादा प्रसंग पाट्या झाकून मुलांना दाखवावा आणि सांगावे, 'आता पाटी तुम्ही लिहा.' शब्द मोजके, पण चेहऱ्यावरचा भाव त्यांत आला पाहिजे. मग एकमेकांच्या पाट्या वाचाव्यात आणि खोडून पुन्हा लिहाव्यात. शिक्षक जवळ नसेल, तर मुले नुसती बघत बसतील, हेही खरे.

मराठवाड्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा अनेक मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळा तुटते. परतलेल्या मुलापुढे कोरा कागद ठेवला, तर तो गोठतो. समोर हलते चित्र असेल, तर निदान काय लिहू, हा प्रश्न उरत नाही. मग कसे लिहू, हे शिकवावयास समर्थांचा समास आहेच.