१० जून : रविवारच्या सुटीचा दिवस

रविवार हा आपण हक्काचाच मानतो. तो मिळविला कोणी, हे मात्र क्वचितच विचारतो. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी ठरलेली साप्ताहिक सुटी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी व ‘दीनबंधू’चे संपादक कै. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. दाद लागली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीस सुमारे दहा हजार कामगार जमले. तेथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी केवढी ही धिटाई! अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने सुटी मान्य केली. आमची वार्षिक सभाही रविवारीच भरते. तीत लोखंड्यांचे नाव आजवर कोणी काढले नाही.