चाकणचा फेरतपास

चाकणचे नाव निघाले की वाचकांस फिरंगोजी नरसाळ्याचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. १६६० साली शाहिस्तेखानाशी सुमारे दोन महिने झुंजलेला तो किल्ला! परंतु आज मोटारींच्या कारखान्यांनी वेढलेल्या याच भुईकोटात, त्याच्या दोनशे वर्षे आधी, एक घोर हत्याकांड झाले. त्याचा एकदा झालेला निवाडा पुढे पार उलटला. ही हकीकत फारशी कोणाच्या कानी नसते.

बहामनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशहा (१४३६-१४५८) याचा सरदार मलिक-उत्-तुजार चाकणास ठाणे करून कोकणात उतरला. शिर्क्याने वाट दाखविण्याच्या मिषाने त्यास निबिड अरण्यात नेले आणि तेथे तो सैन्यासह मारला गेला. वाचलेले परदेशी शिपाई चाकणास परतले. दख्खनी सरदारांनी मागे राहून दगा दिला, हे आपण दरबारास कळवू, असे ते बोलले मात्र, तोच दख्खन्यांचे पत्र आधी बेदरास पोचले: परदेशी लोक बंड करणार! सुलतानाने मद्याच्या धुंदीत शिक्षेचा हुकूम दिला. परदेशीयांच्या अर्ज्या वाटेतच अडविल्या गेल्या. दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर कुराणाची शपथ वाहून त्यांस अभय दिले, मेजवानीस बोलाविले आणि कापून काढले. १,२०० सय्यद व १,००० इतर परदेशी पडले, मुलेबाळेही सुटली नाहीत. कासीमबेग मात्र थोड्या सोबत्यांसह निसटून बेदरास पोचला. सुलतानाने चौकशी पुन्हा उघडली. पत्रे दाबणाऱ्या चिटणिसाचा शिरच्छेद झाला आणि दख्खनी सरदारांस गळ्यात साखळ्या घालून राजधानीस आणविले.

हे सारे सांगतो कोण? फेरिश्ता. आणि खरा प्रश्न येथेच उभा राहतो. त्याने हे लिहिले घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी, विजापुरास. तो स्वतः इराणातील अस्त्राबादचा, म्हणजे परदेशी पक्षाचाच. १५८९ साली अहमदनगरात परदेशीयांची अशीच कत्तल झाली आणि त्याच साली तो नगर सोडून विजापुरास गेला. चाकणची कथा लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे कोणते प्रेत होते, चाकणचे की नगरचे? अपराधी सरदारांस त्याच वर्षी कुष्ठ जडले, असेही तो लिहितो. तेथे इतिहासकार मागे सरतो व सूड बोलू लागतो.

म्हणून कत्तल झालीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. एवढी मोठी घटना केवळ द्वेषातून रचली जात नसते. पण मृतांची गणती, वेढा घालणाऱ्यांच्या मनातील हेतू आणि अरण्यात खरोखर कोणी कोणास सोडून गेले, हे आपणांस एकाच पक्षाच्या मुखातून कळते. दख्खन्यांची बाजू आपल्यापुढे येते ती त्यांच्या वैऱ्याच्या लेखणीतून.

सुलतानाचा अपराध तरी काय होता? एकाच बाजूचे पत्र वाचून त्याने निकाल दिला. फेरिश्ता वाचून लगेच निकाल देणारे आपण त्याच्याहून फार वेगळे ठरत नाही. आणि आपणांस तर मद्याचीही सबब नाही.