कुकाई

कुकाई : हायकू लिहिणाऱ्यांची जपानी बैठक. सहभागी कवींनी आपापल्या रचना निनावी द्यायच्या, सर्वांनी त्या वाचून त्यांतल्या आवडलेल्या निवडायच्या आणि रचना कोणाची हे निवडीनंतरच उघड करायचे, हा तिचा गाभा. कविसंमेलनाशी तिचे साम्य वरवरचे आहे. संमेलनात कवी आपली कविता स्वतः सादर करतो. नाव आणि आवाज दोन्ही कवितेच्या मदतीला येतात. कुकाईत ही मदत काढून घेतलेली असते. पाच-सात जणांची कुकाई घरातल्या खोलीत भरते, मोठी सभागृहात. पद्धत बहुतांशी तीच.

बैठकीचा विषय आधी कळवलेला असला तर त्याला केन्दाई म्हणतात, जागेवर दिलेला असला तर सेकिदाई. सेकिदाईवरून आपल्याकडच्या समस्यापूर्तीची आठवण होते, पण समस्यापूर्तीत तयार चरण हाती येतो. येथे बहुधा एकच शब्द मिळतो, आणि तोही ऋतूशी बांधलेला. जपानी संकेतानुसार बेडूक वसंताचा, चंद्र शरदाचा. असे शब्द सैजिकी नावाच्या ऋतुकोशांत नोंदवलेले असतात आणि नेहमीचे सदस्य हा कोश बरोबर घेऊनच येतात. कधी सगळे मिळून आधी एखाद्या बागेत, देवळात किंवा नदीकाठी हिंडून येतात. या फेरीला गिन्को म्हणतात. तिच्यात सुचलेले हायकू त्याच दिवशीच्या बैठकीत मांडले जातात.

प्रत्येक जण ठरलेल्या संख्येइतके, बहुधा तीन ते पाच, हायकू देतो. एका अरुंद पट्टीवर एकच हायकू लिहायचा, नाव घालायचे नाही. सगळ्या पट्ट्या पत्त्यांसारख्या पिसून सारख्या वाटल्या जातात. यानंतरचा टप्पा नवख्याला उगाचचा वाटतो. आपल्या वाट्याला आलेल्या पट्ट्यांवरचे हायकू प्रत्येकाने एका क्रमांकित कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवायचे असतात. याला सेइकी म्हणतात. मूळ लेखनात चूक दिसली तरी ती परस्पर दुरुस्त करायची नाही. हस्ताक्षरावरून कवी ओळखता येऊ नये हा सेइकीचा उघड हेतू. पण दुसऱ्याची ओळ आपल्या हाताने लिहिताना तिच्यातला प्रत्येक शब्द थांबवतो, आणि बैठकीचा निम्मा लाभ या कारकुनीतच आहे असे म्हटले तरी चालेल.

उतरवलेले कागद मग हातोहात फिरतात. आवडेल ते प्रत्येक जण वहीत टिपतो, ठरलेल्या संख्येपर्यंत गाळत आणतो आणि उरलेल्यांतला एक विशेष म्हणून वेगळा काढतो. स्वतःचा हायकू निवडायचा नाही, हा नियम सर्वत्र पाळला जातो. शेवटी हिकोशा, म्हणजे वाचून दाखवणारा, सगळ्यांच्या निवडी मोठ्याने वाचतो. आपला हायकू कानावर पडताच कवीने नाव सांगायचे : आडनाव नाही, नुसते नाव किंवा हायकूसाठी घेतलेले टोपणनाव. ज्याला एकही मत मिळत नाही त्या हायकूचा कवी गप्प राहतो, त्याला कोणी विचारतही नाही. काही बैठकांत चर्चा संपेपर्यंत सगळीच नावे झाकून ठेवतात. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने हीच रीत सरस. नाव कळले की बोलण्यात भीड शिरते.

कुकाईचे मूळ हायकाई या साखळीकाव्यात आहे. मात्सुओ बाशो (1644–1694) यांच्या काळात कवी एकत्र बसून एकामागून एक कडवी जोडत. 36 कडव्यांची साखळी, कासेन, विशेष प्रिय होती. कोणते कडवे घ्यायचे हे गुरू ठरवी आणि लेखनिक ते नोंदवी. पुढे या कलेला बाजारी वळण लागले. मासिक स्पर्धा भरू लागल्या, परीक्षक रचनेमागे शुल्क घेऊन गुण देऊ लागले, चांगल्या गुणांना बक्षिसे मिळू लागली. मासाओका शिकी (1867–1902) यांनी अशा साचेबंद ‘मासिक’ कवितेवर कडाडून टीका केली. साखळीतले पहिले कडवे वेगळे काढून त्यांनी ते स्वतंत्र कविता म्हणून प्रतिष्ठित केले आणि त्याला हायकू हे नाव रूढ केले. परस्परांनी निवड करण्याची पद्धत त्यांना 1890च्या दशकाच्या आरंभी इतो शोउ यांच्या मंडळात भेटली, आणि ती त्यांच्या वर्तुळात पक्की झाली. पैसे घेणाऱ्या परीक्षकाची खुर्ची अशा रीतीने बैठकीतूनच निघाली.

चीन-जपान युद्धाचे वार्तांकन करून परतताना शिकींना रक्ताच्या उलट्या झाल्या. प्रकृती सुधारण्यासाठी 1895 मध्ये ते मात्सुयामा या आपल्या गावी आले आणि तेथे शिक्षक असलेल्या नात्सुमे सोसेकी यांच्या बिऱ्हाडात राहिले. शिकी खाली, सोसेकी वर. खाली रोज हायकूवाल्यांचा राबता सुरू झाला आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले सोसेकीही त्यांत येऊन बसू लागले. पुढे मणक्याच्या क्षयाने शिकी अंथरुणाला खिळले, तेव्हा टोकियोतल्या नेगिशी भागातल्या त्यांच्या घरीच बैठका होत.

शिकींचे शिष्य ताकाहामा क्योशी (1874–1959) यांच्या हाती ‘होतोतोगिसु’ हे मासिक आले आणि निवडीचा अधिकार पुन्हा एका माणसाकडे सरकला. निवड हीसुद्धा निर्मितीच, असे क्योशी मानत. मासिकातल्या त्यांच्या निवडीत एक हायकू येणे ही कवींच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. प्रमुख, त्याचे मासिक आणि त्याच्याभोवतीचे सदस्य अशी मंडळे जपानभर उभी राहिली. आजही अशा मंडळाच्या कुकाईत सदस्यांची मते मोजली जातात खरी, पण सगळ्यांचे कान असतात ते प्रमुखाने काय निवडले याकडे.

नेमक्या याच जागी कुवाबारा ताकेओ यांनी बोट ठेवले. फ्रेंच साहित्याचे हे अभ्यासक. 1946 मध्ये ‘सेकाई’ मासिकात त्यांनी आधुनिक हायकूला ‘दुय्यम कला’ ठरवणारा लेख लिहिला. दहा नामवंतांचे आणि पाच अपरिचितांचे हायकू नावे काढून त्यांनी लोकांपुढे ठेवले होते. थोर कोणते हे वाचणाऱ्यांना ठरवता येईना. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष घाईचा होता. नाव झाकले की नामवंत आणि नवखे एकाच रांगेत येतात, हे कुकाईत बसणाऱ्याला नवे नाही. बैठक त्याचसाठी भरते. गुरु-शिष्यांच्या बंदिस्त मंडळांवरची त्यांची टीका मात्र वर्मी लागली.

शाळांत कुकाईला वेगळे रूप मिळाले. मात्सुयामात 1998 पासून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांची ‘हायकू कोशिएन’ स्पर्धा होते. पाच-पाच जणांचे संघ समोरासमोर बसतात, एकमेकांच्या हायकूवर प्रश्न विचारतात आणि परीक्षक लाल किंवा पांढरे निशाण उंचावून कौल देतात. येथे गुण केवळ रचनेला नसतात, समोरच्याची रचना कशी वाचली यालाही असतात. माध्यमिक शाळेत जपानी शिकवणाऱ्या आणि पुढे दूरचित्रवाणीमुळे घरोघरी पोचलेल्या नात्सुई इत्सुकी यांनी सभागृहभर श्रोत्यांकडून काही मिनिटांत हायकू लिहवून घेऊन त्यांची जाहीर कुकाई करण्याचा प्रकार लोकप्रिय केला.

जपानबाहेर ही पद्धत आधी स्थलांतरितांबरोबर गेली. कॅलिफोर्नियात स्टॉकटन आणि फ्रेझ्नो येथे जपानी वंशाच्या कवींची मंडळे होती. दुसऱ्या महायुद्धात या लोकांना छावण्यांत डांबले गेले, तेव्हा तारेच्या कुंपणाआडही बैठका चालू राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये 1968 साली हायकू सोसायटी ऑफ अमेरिका स्थापन झाली, तर सॅन होजेत 1975 मध्ये युकी तेइकेई हायकू सोसायटी. ऋतुशब्दांचा आग्रह धरणाऱ्या या दुसऱ्या संस्थेचे असिलोमार येथील निवासी शिबिर जुने आहे. इंग्रजी कार्यशाळांत सेइकीचा टप्पा बहुधा गळतो. रचना आधीच टंकित करून वाटतात. वेळ वाचतो, लिहिण्यातून होणारे वाचन जाते.

मराठीत हायकू रुजवण्याचे श्रेय शिरीष पै यांच्याकडे जाते. मराठी हायकू तीन ओळींचा राहिला, पण 5-7-5 ध्वनिघटकांचा हिशेब त्याने सहसा मानला नाही आणि यमक जवळ केले. जपानी हायकूत यमकाला स्थान नाही. मराठीत निनावी बैठक घ्यायची तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण मोठ्याने वाचताना यमकाला आपसूक दाद जाते आणि चित्र मागे पडते. कागदावरची निवड आधी संपवून वाचन नंतर घेणे म्हणूनच अधिक गरजेचे. पुण्यात कला रमेश यांनी सिम्बायोसिस विद्यापीठातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी हायकू शिकवला आहे. वर्गात कुकाई घ्यायची तर चाळीस मुलांची एकच बैठक जमत नाही. आठ-दहा जणांचे गट, माणशी एक हायकू आणि दोन निवडी एवढ्यावर दोन तासिकांत काम उरकते.