धर्मगुरूचा आदिअणू

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी रोममध्ये पोपच्या विज्ञान अकादमीपुढे बारावे पायस यांचे भाषण झाले. हे विश्व अनादी नाही, त्याला एके काळी आरंभ झाला असावा, असे काही खगोलशास्त्रज्ञ त्या सुमारास म्हणू लागले होते. पोपना त्यात बायबलमधील सृष्टिकथेची साक्ष दिसली. ईश्वराच्या आज्ञेने प्रथम प्रकाश झाला, त्या क्षणाला विज्ञानानेच जणू दुजोरा दिला, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परंतु ज्यांच्या संशोधनातून आरंभाची ही कल्पना पुढे आली, ते जॉर्ज लमेत्र मात्र या भाषणाने अस्वस्थ झाले. ते नास्तिक असते, तर यात नवल नव्हते. पण लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि त्याच अकादमीचे सदस्यही होते.

बेल्जममधील शार्लरवा येथे १८९४ साली जन्मलेल्या लमेत्र यांनी पहिल्या महायुद्धात तोफखान्यात काम केले. १९२३ साली त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि त्याच वर्षी ते केंब्रिजला एडिंग्टन यांच्याकडे अध्ययनासाठी गेले. पुढे १९२७ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांवरून त्यांनी प्रसरणशील विश्वाचे चित्र रेखाटले. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जाताना दिसतात, याचा उलगडा त्यांनी अवकाशाच्याच प्रसरणाने केला. गणित बिनचूक आहे, पण त्यामागचे भौतिकशास्त्र पटत नाही, असा आइन्स्टाइनचा अभिप्राय पडला. दोनच वर्षांनी हबल यांच्या निरीक्षणांनी लमेत्र यांच्या विचाराला बळ दिले.

१९३१ साली ते एक पाऊल पुढे गेले. विश्व सतत वाढत असेल, तर काळाच्या प्रवाहात मागे मागे जाता सारे द्रव्य एकवटलेले आढळले पाहिजे. या मूळ अवस्थेस पुढे ‘आदिअणू’ हे नाव मिळाले. ‘नेचर’ नियतकालिकासाठी लिहिलेल्या या टिपणाच्या टंकलिखितात शेवटी ईश्वराचा उल्लेख करणारा एक परिच्छेद होता. प्रसिद्धीपूर्वी लमेत्र यांनी तो खोडून टाकला. त्यांच्या साऱ्या भूमिकेचे मर्म या एका कृतीत आहे. विश्वोत्पत्तीचा सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, असे त्यांनी १९५८ साली ब्रुसेल्सच्या सोल्व्हे परिषदेतही स्पष्टपणे सांगितले.

या आग्रहाला तसेच कारण होते. त्यांच्या सिद्धान्ताकडे आधीच संशयाने पाहिले जात होते. १९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी आरंभ नसलेल्या, सदैव सारख्याच दिसणाऱ्या विश्वाचा ‘स्थिर-स्थिती सिद्धान्त’ मांडला. २८ मार्च १९४९ रोजी बी.बी.सी.वरील एका भाषणात हॉइल यांनी प्रतिपक्षाच्या कल्पनेला ‘बिग बँग’ म्हटले. मराठीतला ‘महास्फोट’ तो हाच. निर्मितीच्या क्षणाची कल्पना हॉइल यांना धर्मग्रंथातून उसनी आणलेली वाटे. अशा वेळी पोपनीच तिचा पुरस्कार केल्यावर या संशयाला खतपाणी मिळणे स्वाभाविक होते.

दुसरे कारण अधिक खोल होते. प्रसरणाच्या वेगावरून सरळ हिशेब केला, तर तेव्हाच्या मापनांनुसार विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आतबाहेर, म्हणजे पृथ्वीच्या वयाहूनही कमी येई! सप्टेंबर १९५२ मध्ये रोम येथे भरलेल्या खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे पूर्वीच्या मापनांच्या सुमारे दुप्पट असल्याचे जाहीर केले आणि विश्वाचे वयही दुप्पट झाले. आज ते सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते. जे आकडे असे बदलतात, त्यांच्या खुंटीला श्रद्धा टांगली, तर खुंटीबरोबर तीही खाली येणार. त्याच परिषदेतील शास्त्रज्ञांपुढे पोप पुन्हा बोलले; त्या भाषणात मात्र विज्ञानाने सृष्टिकथा सिद्ध केल्याचा दावा नव्हता. दरम्यान लमेत्र यांनी व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक ओकॉनेल यांच्याशी याविषयी विचारविनिमय केला होता.

हा वाद अखेर आकाशाच्या निरीक्षणानेच पुढे नेला. १९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांतून येणाऱ्या मंद सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर केला आणि स्थिर-स्थितीची बाजू कमकुवत झाली. हॉइल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर, यांनी महास्फोटाविषयी पुढेही दीर्घकाळ शंका उपस्थित केल्या, त्या गणिताच्या आणि निरीक्षणांच्या भाषेतच. सिद्धान्ताला अशी आव्हाने मिळत राहणे, हे त्याच्या प्रकृतीला मानवणारेच असते.

लमेत्र यांना या शोधाची वार्ता आजारपणात, जून १९६६ मधील मृत्यूच्या थोडे आधी मिळाली. आरंभीच्या स्फोटाचे अवशेष म्हणून त्यांनी विश्वकिरणांकडे बोट दाखविले होते. तो तर्क चुकला. अवशेष सापडले ते सूक्ष्मतरंगांच्या रूपाने. सिद्धान्तातला एक भाग चुकला, मुख्य विचार टिकला. त्यांच्या श्रद्धेला मात्र यातल्या कशाचाच धक्का लागण्याचे कारण नव्हते, कारण या हिशेबात त्यांनी तिला कधी गोवलेच नव्हते.