दोरीला बांधलेले पेन

बँकेच्या काउंटरवरचे पेन दोरीला का बांधलेले असते, असा प्रश्न गेली वीस वर्षे लोक मला विचारत आले आहेत. "आम्ही जन्मभराची कमाई तुमच्या हवाली करतो आणि तुम्हाला आमच्यावर पाच रुपयांच्या पेनाचा भरवसा नाही?" प्रत्येक ग्राहक हा विनोद आपल्याला आत्ताच सुचला अशा चेहऱ्याने करतो. मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो. बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत. नोकरीत लागल्यावर जमते.

पण दोरीलाही इतिहास असतो. आमच्या चिखलीच्या शाखेत एके काळी पेन मोकळे होते आणि त्याच्या शेजारी एक सूचना-वहीही मोकळीच ठेवलेली होती. वहीवर साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, 'आपल्या अमूल्य सूचनांचे स्वागत आहे.' पहिल्या महिन्यात पेने सात गेली आणि सूचना तीन आल्या. बाकीच्या पानांवर मेहकर रोडला लागून असलेले प्लॉट होते, मूळव्याधीवर बिनाऑपरेशनचा खात्रीशीर इलाज होता, रेणुका देवीच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांचे हार्दिक स्वागत होते आणि एका बदामात दोन आद्याक्षरे होती. खऱ्या सूचनांपैकी एक होती, 'पंखा दुरुस्त करावा.' ती बिचारी प्लॉटांच्या गर्दीत अशी हरवली की सबंध उन्हाळा पंखा नुसता लटकत राहिला. शेवटी साहेबांनी वही कपाटात टाकली आणि किल्ली माझ्याकडे दिली. त्या वर्षी वरच्या कार्यालयाला आम्ही कळवले, 'सूचना व तक्रारी : निरंक.' साहेबांना शाबासकीचे पत्र आले. पंखा तसाच होता.

हे सगळे आठवायला कारण झाला आमचा भाचा.

२०२० सालचा ऑक्टोबर. कॉलेजे बंद. इंजिनिअरिंगला असलेला भाचा मुक्कामाला आमच्याकडे होता, कारण त्याच्या गावापेक्षा आमच्या गच्चीवर नेटवर्क बरे येई. दिवसभर लॅपटॉपपुढे बसलेला पाहून मी विचारले, "काय करून राहिला रे?"

"ओपन सोर्सला हातभार लावून राहिलो, मामा."

"पैसे किती देतात?"

"पैसे नाही देत. टी-शर्ट देतात."

मी हिशेबाचा माणूस. चौकशी केल्यावर कळले ते असे. जगभरचे प्रोग्रॅमर आपण लिहिलेले प्रोग्रॅम चावडीवर मांडावेत तसे उघड्यावर मांडून ठेवतात. १९९९ मध्ये सोर्सफोर्ज नावाची अशी एक मोठी चावडी निघाली, २००८ मध्ये गिटहब निघाली. तिथे कोणीही यावे, वाचावे, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. त्या प्रस्तावाला पुल रिक्वेस्ट म्हणतात. प्रत्येक प्रोग्रॅमला एक राखणदार असतो. तो प्रस्ताव वाचतो आणि पसंत पडला तर घेतो. हे राखणदार बहुतेक बिनपगारी. दिवसा कुठेतरी नोकरी करायची आणि रात्री हे वाचायचे.

डिजिटलओशन नावाच्या एका अमेरिकन कंपनीने लोकांना या कामाची गोडी लागावी म्हणून २०१४ पासून दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उत्सव सुरू केला होता. २०२० चा नियम असा : चार प्रस्ताव पाठवा, पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट फुकट. हेतू उत्तम. पण फुकट या शब्दाचे आपल्या देशात काय होते, हे त्या भल्या माणसांना कोणी सांगितले नव्हते. एका लोकप्रिय हिंदी शिकवणीच्या व्हिडिओत नमुना म्हणून दाखवले की माहितीच्या पानावर 'प्रोजेक्ट फार छान आहे' अशा अर्थाचे दोन शब्द टाकले तरी प्रस्ताव तयार होतो. झाले! ऑक्टोबर उजाडताच हजारो दारांत 'फार छान'चा पाऊस पडू लागला. वेबपानांची मूळ भाषा म्हणजे एचटीएमएल. तिचे नियम राखणाऱ्यांच्या दारातही हा कचरा पडला. एकेक प्रस्ताव उघडायचा, वाचायचा, बंद करायचा. पाठवणाऱ्याचे अर्धे मिनिट आणि राखणदाराची अख्खी रात्र.

आमच्या चिरंजीव भाच्याने असेच तीन 'फार छान' पाठवले होते. चौथा पाठवायच्या आत पहिल्यावर कोणीतरी चिठ्ठी डकवली : 'स्पॅम.' त्या रात्री तो नीट जेवला नाही.

"म्हणजे काय हो?" सौ.ने मला विचारले.

"कचरा," मी म्हणालो.

"आमच्या पोराला कचरा म्हणणारा तो कोण टिकोजीराव?"

भाचा खालमानेने म्हणाला, "मामा, मी एकच ओळ तर लिहिली होती."

मला हसू आले आणि वाईटही वाटले. कारण जगात आजवर ज्याने ज्याने दुसऱ्याच्या भिंतीवर काही लिहिले, त्याचे म्हणणे हेच आहे.

लांब कशाला, अजिंठ्यालाच जा. बुलढाण्याहून पुढे निघाले की वाटेवरच आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज फौजी अधिकारी वाघाच्या शिकारीला तिथे आला आणि त्याला लेणे सापडले. दहाव्या लेण्यात शिरून या गृहस्थाने काय केले? एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली. एकच ओळ! तेव्हा आत पाचेक फूट मलबा साचलेला होता आणि साहेब त्याच्यावर उभे होते. पुढे मलबा उपसला, त्यामुळे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. त्याच अजिंठ्यात सोळाव्या लेण्यात आणखी एक नाव आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचे. तेही भिंतीवरच कोरलेले. पण वराहदेवाने आधी सबंध लेणे दान दिले आणि मग नाव कोरले. स्मिथसाहेबांनी फक्त नाव दिले. नाव लिहिण्यात गुन्हा नाही. त्याआधी काय दिले, एवढाच प्रश्न. आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० मध्ये त्यातली शिक्षा वाढवून दोन वर्षे कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी केली. तरी किल्ल्यांच्या बुरुजांवरचे बदाम काही कमी झालेले नाहीत.

दगडावर कोरायला निदान हात तरी दुखतो. कागदावर तेही नाही. म्हणून टपाल खात्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १८४० पूर्वी इंग्लंडात पत्राचे पैसे बहुधा घेणारा देई. रोलंड हिल याने तो हिशेब उलटा केला : एक पेनीचे तिकीट, आणि ते लावायचे पाठवणाऱ्याने. आपल्याकडे १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचे तिकीट आले आणि देशभर एकच दर झाला. पाठवणाऱ्याच्या खिशातून अर्धा आणा जातो म्हटल्यावर माणूस पत्र लिहिण्यापूर्वी घटकाभर विचार करतो. त्या अर्ध्या आण्याने जगाला किती निरर्थक मजकुरापासून वाचवले, त्याची गणती कोणी ठेवलेली नाही.

मग संगणक आले आणि अर्धा आणाही गेला. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्यूर्क नावाच्या एका विक्रेत्याने अमेरिकेतल्या सरकारी संगणक-जाळ्यावर आपल्या कंपनीच्या नव्या यंत्रांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. लोक संतापले, पण काही यंत्रे खपली म्हणतात. आणि खपली म्हटल्यावर संपलेच. एप्रिल १९९४ मध्ये कँटर आणि सीगेल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या आपल्या सेवेची जाहिरात हजारो चर्चामंडळांत टाकली. स्पॅम हा शब्द मूळचा १९३७ पासून डब्यात मिळणाऱ्या एका मांसाचा. १९७० च्या एका ब्रिटिश विनोदी नाटुकल्यात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात तेच निघते आणि शेवटी त्या शब्दाच्या गजरात कोणाचे काही ऐकू येत नाही. आमच्या वहीतल्या पंख्याचे नेमके हेच झाले होते.

गुगल १९९८ मध्ये निघाले तेव्हा या धंद्याला नवीच कला आली. तुमच्या पत्त्याकडे जितकी जास्त पाने बोट दाखवतील तितके तुम्ही थोर, असा गुगलचा ढोबळ हिशेब होता. मग औषधवाले आणि जुगारवाले जिथे जिथे लिहायला मोकळी जागा दिसेल तिथे आपला पत्ता चिकटवू लागले, आणि प्रोग्रॅमरांच्या चावड्याही त्यातून सुटल्या नाहीत. गंमत अशी की तो मजकूर माणसाने वाचावा अशी लिहिणाऱ्याची इच्छाच नव्हती. गुगलच्या यंत्राने मोजला की काम झाले. कोणी वाचू नये म्हणून लिहिलेला मजकूर मी आयुष्यभर हाताळत आलो आहे, पण आम्ही निदान तो फायलीत लावून ठेवतो.

उपाय पुष्कळ झाले. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये सुचवले की प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक लहानसे गणित सोडवायला लावा. एका पत्राला त्रास नाही, लाखाला मात्र घाम फुटेल. ॲडम बॅक याने १९९७ मध्ये 'हॅशकॅश' म्हणून तसे करून दाखवले. म्हणजे पुन्हा तो अर्धा आणाच! हीच युक्ती पुढे बिटकॉइनने उचलली, पण टपालाला काही ती लागली नाही. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स म्हणाले होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल. मोठी माणसे मुदत देतात तेव्हा मला आमच्या पंख्याच्या कंत्राटदाराची आठवण येते. पुढच्याच जानेवारीत, २००५ मध्ये, गुगलने जाहीर केले की बाहेरच्यांनी चिकटवलेल्या पत्त्यांवर पानाच्या मालकाने एक खूण करावी. ती खूण असलेला पत्ता थोरवीच्या हिशेबात धरणार नाही. उपाय बिनतोड होता. पण चिकटवणारे चिकटवतच राहिले, कारण खूण आहे की नाही हे पाहायला लागणारा वेळ चिकटवण्यापेक्षा जास्त होता.

आणि मग ती वाकडीतिकडी अक्षरे. कॅप्चा हे त्यांचे नाव. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुई फॉन आन आणि मंडळींनी ठेवलेले. वाचून दाखवा, म्हणजे तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध होते. २००७ पासून जुन्या पुस्तकांतले आणि वर्तमानपत्रांतले यंत्राला न लागणारे शब्दही आपल्याकडून असेच वाचून घेतले गेले. म्हणजे आपण सर्वांनी बिनपगारी कारकुनी केली. मला स्वतःला ती अक्षरे तिसऱ्या खेपेला जमतात. हे म्हणजे काउंटरवरचे दोरीला बांधलेले पेनच. चोर सात, आणि संशय सगळ्या गावावर.

२०२० च्या त्या ऑक्टोबरातही शेवटी दोरीच बांधावी लागली. पहिल्या आठवड्यातच नियम बदलला : ज्या राखणदाराने 'आम्ही उत्सवात आहोत' अशी पाटी लावली असेल, त्याच्याच दारातले प्रस्ताव धरले जातील. २०२३ मध्ये तर टी-शर्टच बंद झाला. पण माणसाची नाव लिहिण्याची हौस टी-शर्टावर अवलंबून नसते. २०२४ च्या सुरुवातीला 'एक्स्प्रेस' या फार वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या दारात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचे शेकडो प्रस्ताव येऊन पडले. शिकवणीच्या एका व्हिडिओत उदाहरण म्हणून तोच प्रोग्रॅम घेतला होता, आणि मुलांनी उदाहरण म्हणजे गृहपाठ असे समजून माहितीच्या पानावर आपापले नाव घातले होते. त्या पोरांत लबाड कोणी नव्हते. पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाने चुकून दुसऱ्याच्या घरात शिरावे, तशातली गोष्ट. पण घरमालकाने तरी कितींना ओळखून काढावे? दार लावावे तर त्या गर्दीत पंख्याची सूचना घेऊन आलेला एखादा असतो, तोही बाहेर राहतो.

हे सगळे मी भाच्याला माझ्या परीने समजावले. अजिंठ्याचे त्याला पटले. तिघा राखणदारांना त्याने माफीची एकेक ओळ पाठवायचे ठरवले, मी म्हटले, "ती तरी पाठवू नको बाबा, तीही त्यांनाच वाचावी लागेल." पुढे त्याला एका प्रोग्रॅमच्या मराठी रूपात 'सेव्ह' या बटणावर 'वाचवा' लिहिलेले दिसले, जणू कोणी विहिरीत पडले आहे. त्याने तिथे 'जतन करा' असा प्रस्ताव पाठवला. राखणदाराने दोन प्रश्न विचारले, याने उत्तरे दिली. तीन आठवड्यांनी प्रस्ताव मंजूर झाला आणि हातभार लावणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव आपोआप आले. वराहदेवाने लेणे दिले, याने दोन शब्द दिले, पण दिले. टी-शर्ट मिळाला नाही. सौ.ने चिखलीच्या बाजारातून एक आणून दिला.

मीही मग नव्या साहेबांना सांगून सूचना-वही कपाटातून बाहेर काढली. रोज संध्याकाळी कॅश जुळली की मी ती चाळतो, प्लॉटवर रेघ मारतो आणि उरलेले साहेबांपुढे ठेवतो. दहा मिनिटे जातात. पंखा फिरू लागला आहे. गेल्या आठवड्यात कोणीतरी सुवाच्य अक्षरात एकच ओळ लिहून गेले, 'पेन दोरीला बांधू नये, अपमान वाटतो.'

सूचना रास्त होती. आम्ही दोरी हातभर लांब केली आहे.