पायातली वादी आणि पायातली कडी

निलंग्याहून कल्याणीकडे जाणाऱ्या वाटेवर आमच्या मामांची आमराई होती. आंब्याला मोहोर फुटला की तिथल्या कावळ्याच्या एका जुन्या घरट्यात तुरुमतीचे जोडपे उतरे. तांबूस माथ्याचा, पारव्याहूनही लहान असा हा ससाणा. पण नर-मादी मिळून चिमण्यांमागे सुटली म्हणजे सारी आमराई चिडीचूप होई. ससाण्याच्या कुळाला घरटे बांधणे ठाऊक नाही. कावळ्याने टाकलेले घर, कड्यातली कपार, नाहीतर एखाद्या जुन्या इमारतीचा कोनाडा, यांवर त्याचा संसार चालतो. मामा म्हणत, "पक्षी राजाचा, पण बिऱ्हाड भाड्याचं!"

पक्षी राजाचा खराच. वाटेच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणीस, ११२६ ते ११३८ या काळात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर राज्य करीत होता. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या वीस विनोदांचे वर्णन आहे आणि त्यांत 'श्येनविनोद' हा एक आहे. रानातला पक्षी धरायचा, उपाशी ठेवून माणसाळवायचा, पायात चामड्याची वादी अडकवून मुठीवर बसवायचा, आणि शिकारीवर सोडून पुन्हा मुठीवर बोलवायचा, अशी ही विद्या.

नांदेडला तर बाज घरोघरच्या तसबिरींत आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे आले आणि येथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या हातावरचा पांढरा बाज शीख मनात कायमचा बसला आहे. शास्त्राच्या काटेकोर भाषेत बाज हा आखूड पंखांचा, ससाण्याहून निराळा. पण मुठीवर बसण्याचा मान दोघांचाही.

ही वादी शेकडो वर्षे टिकली. तिच्या जोडीला कडी आली ती फार अलीकडे. १८९९ साली डेन्मार्कमधील व्हिबोर्ग गावच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने लाकडी पेट्या टांगल्या आणि त्यांत शिरलेल्या, आपल्या साळुंकीच्या जातकुळीतील १६५ पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्या घातल्या. आपल्याकडे हे काम १९२७ साली पवारांच्या धार संस्थानात सुरू झाले. पक्षी सापडल्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे, अशा अर्थाची अक्षरे त्या कड्यांवर असत. युरोप-अमेरिकेत पुढे हवेत एकाच जागी फडफडत थांबणाऱ्या खरुचीसाठी पेट्या टांगू लागले. पिले दोन-तीन आठवड्यांची झाली की शिडी लावून त्यांच्या पायांत कड्या घालतात आणि त्यांना परत पेटीत ठेवतात. घर मिळते पक्ष्याला, वार्ता मिळते माणसाला.

वादी आणि कडी एकाच पायात बसतात. पण वादीचे सारे कौशल्य पक्षी परत यावा यासाठी असते, आणि कडीला अर्थ येतो तो पक्षी दूर गेला तरच. नागालँडमधील पांगती गावाजवळ २०१२ साली जाळी लावून हजारो आमूर ससाणे मारले गेले. दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी गुंडाळली. त्याच वर्षी तेथे तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारी यंत्रे बसवली. नागा, पांगती आणि वोखा ही त्यांची नावे. दीडशे ग्रॅमचे हे जीव भारताचे द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोहोचले. पक्ष्याचा ठावठिकाणा कळला आणि गावाला तो आपला वाटू लागला.

मामांच्या पश्चात आमराईची वाटणी झाली आणि झाडे तुटली. त्या वर्षी मोहोराच्या दिवसांत मी मुद्दाम गेलो होतो. बुंध्यांच्या ओळीवरून तुरुमतीने दोन घिरट्या घेतल्या आणि ती पूर्वेकडे निघून गेली. ती पुढे कुठे उतरली, तिला दुसऱ्या कावळ्याचे घर मिळाले की नाही, हे मला कधीच कळायचे नाही. तिच्या पायात कडी नव्हती. आणि तिच्या बिऱ्हाडाची चौकशी आम्ही कोणी, ते असेपर्यंत, केलीच नव्हती.